कळपामागची बाळंतीण

९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. मी ठीक आहे. तू उत्तम असणार, फोनवर आवाज खणखणीत होता. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. रागातही अक्षर सुवाच्य काढायला सिस्टरांनी मिशनच्या शाळेत शिकवलं होतं, ते आज कामाला येतंय.

सूनबाईला आणि बाळाला न्यायला तुझा मुलगा आज आलाय. उद्या तो एकटाच परत येईल. चालत्या कळपामागे बाळंत झालेली पोर, तिला त्याच संध्याकाळी पुढचा मुक्काम गाठायला लावलंस. म्हणे चारा संपला होता. म्हणून तर दोघांना मी माझ्याकडे ठेवून घेतलं. अरे, मेंढ्या गाभण राहून वाटेत विऊ नयेत म्हणून तू नराच्या पोटाखाली न चुकता फडकं बांधतोस. एवढा विचार घरच्या माणसांचा कधी केलास? तेव्हा ऐक, दुसरं नातवंड एवढ्यात नाही. सूनबाईने दवाखान्यात जाऊन तशी सोय करून घेतलीय. नवऱ्याला विचारून. तुला विचारायचं कारण नव्हतं.

बाळ अंगाने भरलंय, पण शांतता त्याला सोसत नाही. दुपारी इमारत झोपली की भोकाड पसरतं. खाली ट्रक भरताना हमालांचा आरडाओरडा सुरू झाला की गाढ झोपतं. त्याची आईही तसलीच. पलंग सोडून गॅलरीत पथारी टाकते. नवऱ्याकडे फोनवर प्रत्येक लंगड्या मेंढीची चौकशी, माझ्याशी मात्र नुसतं ‘हो आत्याबाई, नको आत्याबाई’.

इथवर लिहून चहा करायला उठले. सूनबाईला कप देताना म्हटलं, पावसाळा संपेपर्यंत राहा. ती म्हणाली, ‘‘इथे तुम्ही मला काही कमी पडू दिलं नाही, आत्याबाई. पण तिकडे माझ्या हाकेवर अख्खा कळप उठतो.’’

मी आत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला प्रवासाची मोकळीक दिली त्याला महिना झाला. मी तुला कळवलं नाही. सूनबाई तेव्हा शेजारीच बसली होती, आणि तीही कुणाला बोलली नाही. माझ्यासाठी थांबली होती, हे मला आज कळलं.

तर उद्या तिघंही येतील. मायलेकरांना घोडीवर बसव, तू चाल. बाळाच्या लशीच्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही, चारा असो की नसो.

उद्यापासून माझं घर पुन्हा नीटनेटकं राहील. मला त्याची सवय होती.

तुझी,
ताई