घडीखालचा मजकूर

कोपरगाव, ता. ४ ऑगस्ट १९९६

ती. आक्काबाईस, धाकट्या रंगनाथचा स. जयभीम वि. वि.

इकडील सर्व खुशाल. विशेष असं, की आपल्या सीमाला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला नेलं तर पोरांवर नवी औषधं तपासून बघतात, असं कारखान्यात सगळे म्हणतात. त्यापेक्षा नगरचे एक डॉक्टर परदेशी संशोधनाची सुई देतात. भिंतीवर काचेखाली बऱ्या झालेल्यांची पत्रं आहेत, अर्धी दुमडून लावलेली. कंपाउंडरने पाथर्डीचं एक वाचून दाखवलं: इकडील सर्व खुशाल, पहिल्या सुईला चार घास गेले. येत्या रविवारी सीमाची पहिली सुई.

सीमा म्हणते, केस गळाले तर आत्याचा अंबाडा मी घेणार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा रंगनाथ

पाथर्डी, ता. ७ ऑगस्ट

चि. रंगनाथ यास अ. उ. आ.

अरे बैला, पोरीला त्या दारात नेऊ नगंस! ते पाथर्डीचं पत्र माझं हाय. तुझ्या दाजींना घशाच्या गाठीसाठी मीच तिथं नेलतं. लाजंनं तुला बोलले न्हाई. आता पत्र म्हटल्यावर वर खुशाली लिहितोच की आपन! तू न्हाई लिहिलीस, पोरीला कॅन्सर अन् इकडील सर्व खुशाल? खाली मी लिहिलं हुतं, चौथ्या सुईपासून पानीबी गिळंना, सुई बंद करू का ते उलट टपाली कळवा. जवाब आला न्हाई. अकराव्या दिवशी तुझे दाजी गेले. अन् त्या मुडद्यानं घडी घालून माझी खुशाली भिंतीला लावली. आता मी त्याला सोडत न्हाई.

तू उद्याच मुंबई गाठ. औषध नवं असलं तर तोंडावर इचार, कितीजनांना दिलं, किती जगले, किती मेले. मेलेले सांगंना तो खोटा.

पोरीला माझा मुका.

तुझी आक्का

पाथर्डी, ता. १६ सप्टेंबर

चि. रंगनाथ यास अ. उ. आ.

तू पोरीचं बघ, मी माझं सांगते. पेशंट म्हनून जाऊन बसले, काचंखालच्या पत्रांवरली नावगावं उतरली अन् सतरा घरांना जोडकार्डं टाकली, म्हंजे जवाबाचं कार्ड त्यातच. बारा जवाब आले. अकरा घरी सुई घेतलेलं मानूस उरलं न्हाई. बारावा जित्ता हाय, त्याला कॅन्सर हुताच न्हाई!

रविवारी आमी आठजनी एष्टीनं गेलो. बाकडी भरलेली. पिशवीत बत्ता नेलता, काच मीच फोडली. एकेकीनं आपलं पत्र उलगडून घडीखालचं मोठ्यानं वाचलं. मी दोनदा वाचलं. बाकडी रिकामी झाली. तो पाया पडाया लागला. म्हनलं, पाया ऱ्हाऊ दे, माझ्या पत्राचा जवाब राहिलाय, तो लिही. बसवून लिहून घेतलं, सुईत मिठाचं पानी हुतं. कागद फौजदाराकडं दिला. लई बरं वाटलं. घरी आले अन् लई रडले.

पोरीचं खरं खरं कळव.

तुझी आक्का

मुंबई, ता. २ ऑक्टोबर

ती. आक्काबाईस, रंगनाथचा स. जयभीम वि. वि.

खुशाली लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंना तुझा प्रश्न तोंडावर विचारला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, औषध नवं आहे, बत्तीस मुलांना दिलं, एकोणीस आहेत, तेरा गेली. सीमाचं काय होईल ते सांगता येणार नाही म्हणाल्या. मराठीत छापलेला कागद दिला, दोन दिवस वाचा, पटलं तरच सही करा. आक्का, गेलेले मोजून सांगणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. मी सही केली.

सीमाचे केस गळाले. अंबाडा घेऊन ये.

तुझा रंगनाथ