गुडघ्यामागची गाठ

परतूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय तात्या,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. तुझी लेक तृप्ती दोन दिवस इथे होती, तिच्याच हाती बदनापूरला पाठवतोय. पाकीट चिकटवलंय, तूच फोड. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडे बरं आहे. हरभरा काढायला आलाय. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तिचं तोंड त्याहून जास्त. माझ्या पायाचे टाके निघून तीन महिने झाले. मांडीतली शीर काढून गुडघ्यामागं जोडली, रक्त नीट खाली जातंय. घोट्याला सूज येते, व्रणाजवळ बधिर आहे, पण स्टेशनपर्यंत चालत जातो. लोक विचारतात, "पाय कसाय?" मी "बराय" म्हणतो आणि मला तुझा आठवतो.

खरं तर थकलोय. रविवारी अजून माणसं चोळून घ्यायला ओट्यावर येऊन बसतात. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाची मान अवघडलेली. आज सोमेश्वर आईला घेऊन आला. मी हात लावणार नाही म्हणालो. "तुम्हीच न्हाई म्हनल्यावर मंग आम्ही कुठं जावं?" दवाखान्यात जा म्हणालो, तर हसला. आजोबांपासूनची रीत आपली, रविवारी आलेल्याला परत पाठवायचं नाही.

मूळ गोष्ट लिहायचं टाळतोय, कळतंय मला.

पोळ्यानंतरच्या रविवारी तू आलास. "दादा, गुडघ्यामागं नस चढली, बघ की." ओटा भरलेला होता. मी तेल कोमट केलं, अंगठा ठेवला. तात्या, ती गाठ अंगठ्याखाली नाडीसारखी उडत होती. चढलेली नस अशी उडत नाही, हे चाळीस वर्षं चोळणाऱ्याला कळणार नाही का? त्याच घडीला कळलं, हे माझं काम नाही. पण सगळे बघत होते. पुंजारामला जमलं नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून चोळली. पुढच्या रविवारी परत चोळली. तिसऱ्या दिवशी तुझं पाऊल गार पडलं, बोटं निळी झाली.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुणी चोळलं होतं का?" तू माझ्याकडे बघितलंस आणि "न्हाई" म्हणालास. मी शेजारीच उभा होतो, गप्प राहिलो. तुला जोडलेली शीर दोन दिवसांत बंद पडली आणि पाय काढावा लागला.

तुझ्यामुळे त्यांनी माझेही पाय तपासायला लावले. माझी गाठ वेळेत सापडली. तुझा गेला म्हणून माझा राहिला, हे मला गिळता येत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती गाठ म्हणजे फुगलेली रक्तवाहिनी, तिच्यात रक्त आधीच साकळलं होतं. न चोळताही तुकडा खाली गेला असता कदाचित. पण चोळल्यानं गेला नाही, असं मी म्हणणार नाही." पाय गार पडायच्या आधी आलेल्यांचे बहुतेक वाचतात, म्हणाले. गार पडल्यावर आलेल्यांचं सांगता येत नाही. आणि अशी गाठ एका पायात असली तर पुष्कळदा दुसऱ्यातही असते.

तू उरलेला पाय अजून दाखवला नाहीस. तृप्ती म्हणाली, बसल्या बसल्या गुडघ्यामागं हात नेतोस, विचारलं की खेकसतोस. माझ्यावरचा राग त्या पायावर काढू नकोस रे. माफी मागायला मला तोंड नाही, एवढंच मागतो.

मंगळवारी तिनं सोनोग्राफीचा नंबर लावलाय. तुला नको असेन तर मी येत नाही. तू जा. तिला मी काही सांगितलेलं नाही, तेवढा धीर झाला नाही. डॉक्टरांनी परत विचारलं तर या वेळी तिच्यासमोर माझं नाव सांग. आणि तोवर त्या पायाला कुणाला हात लावू देऊ नकोस. मी दारात आलो तरी मला लावू देऊ नकोस.

तुझा पाय घेऊन बसलेला,
पुंजारामदादा