सुई न लागणारा खाऊ

ताई,
मी दुपारपाळीला गेलोय. चिमी चारला शाळेतून येईल. आल्या आल्या तिची साखर तपास. फ्रिजवर डॉक्टरांचा तक्ता लावलाय, तो बघून इन्सुलिन दे आणि मग खाऊ दे. एक छोटं सफरचंद, दोन बिस्किटं. सुई दिली की ताटलीतलं सगळं संपवायलाच लागतं, तिथे लाड नकोत. हात थरथरायला लागले, घाम आला, तर सुई नाही, लगेच ज्यूस. तो टीव्हीखालच्या डब्यात आहे.

ती म्हणेल, "भूक नाही, काकडी दे." महिनाभर हेच चाललंय. पोरगी किती समजूतदार झाली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. शाळेतून आली की झोपायची, तेव्हा वाटायचं दमली असेल.

काल दप्तर आवरताना वहीचं मागचं पान दिसलं. वर लिहिलंय, 'सुई न लागणारा खाऊ'. खाली काकडी, उकडलेलं अंडं, पनीर, पाणी. सगळ्यात शेवटी लिहिलंय, 'झोप'.

तिच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

आज तिला झोपू देऊ नकोस. बिस्किटं दोनच्या जागी चार मागितली तर तक्ता बघ, मला फोन कर, पण नाही म्हणू नकोस.