सकाळ कोरडी आहे

अगं,

दारातली बॅग पाहिली. तुला उठवलं नाही. वेधशाळेत आज माझी सकाळची पाळी आहे.

तुझ्या ताईकडे जाणारच असशील, तर दुपारच्या आत ओढ्यावरचा पूल ओलांड. दुपारनंतर डोंगरावर वळीव जोरात कोसळेल. पुलाशी ऊन असलं तरी फसू नकोस, वरचा लोंढा एकदम येतो. पाणी दिसलं तर गाडी घालू नकोस, मुकाट्याने मागे फिर. तुझ्या छत्रीची काडी मोडलीये, माझी घे.

हे तुला अडवायचं निमित्त नाही. तसं असतं तर दिवसभर पाऊस आहे म्हणालो असतो, आणि तू थांबली असतीस. तसं लिहिलंही होतं. फाडलं. खोटा अंदाज माझ्याच्याने देववत नाही.

सकाळ कोरडी आहे.