खिडकीवरची माहिती आणि माझा ठराव

तीर्थस्वरूप अक्कास,
राजेश्वरहून धाकटा भाऊ वीरभद्रप्पा याचे शरणु शरणार्थी. दाजींचा गुडघा आता वाकतो का? इकडे तूर बरी आहे, तुझ्या भावजयीचा, शांतम्माचा, बीपी बरा आहे, म्हैस आटली आहे. बाकी विचारशील तर मी एक नियम बदलला, आणि त्यात मला यश आल्यामुळे घरात माझ्याशी कुणी धड बोलेना.

आपली सोसायटीची बँक तुला ठाऊकच आहे. खिडकीत गुरुपादय्या बसतो. सोयरीक जमवायची झाली की आधी त्या खिडकीवर जाऊन समोरच्यांचं खातं कसं चालतं ते विचारायचं आणि मगच घरी पोहे करायचे, हा आपल्याकडचा रिवाज. (गुरुपादय्याला कमी ऐकू येतं, म्हणून तो सांगतोही मोठ्यानं. चहाच्या टपरीवरच्यांना वेगळं विचारायला लागत नसे.) गेल्या वर्षी संचालक मंडळाला काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी नियम केला की खात्याची माहिती खातेदाराशिवाय कुणालाही द्यायची नाही. झालं! गुरुपादय्या वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसला आणि गावातल्या सोयरिकी अंदाजपंचे ठरायला लागल्या.

त्यातच आपल्या पवित्राला भालकीकडच्या मेहकरचं स्थळ आलं. मुलगा सुनीलकुमार, घरचं खताचं दुकान, खातं आपल्याच सोसायटीच्या तिकडच्या शाखेत. म्हणजे कॉम्प्युटरवर सगळं इथं दिसतं, फक्त मला दिसत नाही. हा अन्याय आहे असं माझं मत झालं. वार्षिक सभेत नियम रद्द करायचा ठराव मांडायचा म्हणून मी घरोघर सह्या गोळा करत फिरलो. पवित्रानं एकदाच विचारलं, “अप्पा, कामून करायलाव हे?” मी म्हणालो, “तुझ्याच भल्यासाठी करायलोय.” ती पुढं काही बोलली नाही. (तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असा मी अर्थ घेतला. तू हसू नकोस.)

सभा म्हणशील तर ठराव कन्नडमध्ये वाचायचा की मराठीत, यावरच पहिला वेळ गेला. दोन्हीत वाचला, तेव्हा दोन्हीकडच्यांना तो पटला नाही. उपाध्यक्ष भुवनेश्वरीअक्का म्हणाल्या, आज शेजाऱ्याचं उघडं कराल, उद्या तुमचं उघडं पडंल. मी म्हणालो, आमच्याकडं लपवायसारखं हायच काय! टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी “बाजूचे हात वर करा” म्हणायला आणि मागून आचाऱ्यानं “सुशीला कुणाला न्हाई मिळाला?” असं ओरडायला एकच गाठ पडली. चुरमुऱ्याच्या त्या सुशीलावर माझा ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला. पुन्हा मोजा म्हणायला भुवनेश्वरीअक्का उठल्या होत्या, पण तोवर सगळे खायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडताच मी हजर. गुरुपादय्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुललेला. हल्ली लोक फोननंच पैसे देतात, त्यामुळं खातं म्हणजे माणसाची कुंडलीच की गं. सुनीलकुमारच्या खात्यात आठवड्यातून दोनदा भालकीचं एक बिर्याणी हॉटेल निघालं. आपल्या लिंगायताच्या घरात! मी घरी येऊन कपाळाला हात लावला. शांतम्मा म्हणाली, भाजीची असंल.

ही बिर्याणी कुठल्या तोंडानं विचारावी याचा मी विचार करतोय, तोवर मुलाचे वडील स्वतःच खिडकीवर येऊन पवित्राचं खातं विचारून गेले. नियम सगळ्यांना सारखा. तो मीच केलेला. गुरुपादय्यानं वाचलं, टपरीनं ऐकलं: सोलापूरचं वकिलीचं कॉलेज, प्रवेश फी भरली. शिकवण्या घेऊन साठवलेल्यातून तिनं ती भरली होती. मेहकरकरांनी संध्याकाळीच निरोप धाडला, वकील सून आम्हाला झेपायची न्हाई. बिर्याणीचा विषय आपोआप मिटला.

मी घरी जाऊन लई ओरडलो. पवित्रा म्हणाली, “अप्पा, या रविवारी तुमाला सांगणारच व्हते. तुमच्या आधी टपरीला कळलं.” एवढंच. राग आला होता तो तिथंच उतरला, आणि अक्का, मला फार लाज वाटली. पोरीची आनंदाची एक बातमी होती, ती तिच्या तोंडून ऐकायचं माझं मीच घालवलं.

असो. मुलांना आशीर्वाद, दाजींना शरणार्थी.

तुझा,
वीरभद्रप्पा

ता. क. मूळ पत्र यासाठीच होतं: पवित्रा पुढच्या सोमवारी सोलापूरला येते आहे. कॉलेज तुमच्या घरापासून जवळ आहे म्हणे. तिला ठेवून घे. स्थळं बघू नकोस.

ता. क. २. माझाच ठराव रद्द करायला मी खास सभा बोलावतो आहे. दाजींच्या नावावर आपल्या सोसायटीचा एक शेअर आहे, त्यांची सही पाठवून दे. या खेपेला सुशीला मतदानानंतर.

ता. क. ३. ती कुठं जाते, कुणाशी बोलते, हे मला कळवू नकोस. मी फोन करून विचारलं तरी सांगू नकोस. वेळेवर जेवते का, एवढं मात्र कळव. तेही तिला विचारून.