आय काढून एच घालण्याबाबत

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग दंडवत, विनंती विशेष.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आणि आमची आई तुमच्याकडे येऊन पंधरवडा उलटला, तीही ठणठणीत असेलच. (गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा तिने तो ज्या जोराने आपटला, त्यावरून तब्येत उत्तम असल्याचा अंदाज आला.) ती रुसून आली आहे हे तिने सांगितलंच असणार. कशावरून, हेही सांगितलं असणार. पण एकाच बाजूचं ऐकून तुम्ही निकाल देऊन मोकळे होऊ नये, म्हणून आरोपीचं म्हणणं सविस्तर लिहितो. आई परत यावी एवढाच या पत्राचा हेतू आहे आणि हे वाचून ती येईल याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण सत्य माझ्या बाजूला आहे. थोडं तेलकट आहे, पण सत्य आहे.

तुम्हांला ठाऊकच आहे की आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वडिलांची जुनी गाडी दुरुस्त करतोय. (आई याला दुरुस्ती म्हणत नाही, उद्योग म्हणते, आणि तोही ‘नसता’ जोडून.) कारखान्यातून आली तेव्हा तिच्या इंजिनात शंभर घोड्यांची ताकद होती. मला पाचशे घोडे हवेत. का हवेत, असं तुम्ही विचाराल. मामी विचारणार नाहीत, भाच्याबद्दल प्रश्न विचारणं त्यांनी केव्हाच सोडलंय. तर गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर दरवर्षी गाड्या सरळ रेषेत पळवायची शर्यत होते, आणि गेल्या वर्षी मी इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो लावून मोठ्या झोकात तिथे गेलो. निम्म्या वाटेवर एक कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाच्या ब्लॉकमधून बाहेर डोकावला. इंजिनाला खिडकी पडली. हवेशीर झालं, पण चालेना. वडिलांच्या गाडीला दोरीने ओढत घरी आणलं तेव्हा आई दारातच उभी होती; तिने पदराने बॉनेटवरची धूळ पुसली आणि ती आत गेली, ते मला तुटलेल्या रॉडपेक्षा जास्त लागलं.

आता कनेक्टिंग रॉड म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. पिस्टन वरखाली उड्या मारतो, क्रँक गोल गोल फिरतो. दोघांचे स्वभाव जुळणं शक्य नाही. त्यांच्यामध्ये एक दांडा असतो, तो दोघांचे धक्के मुकाट्याने खातो आणि संसार चालू ठेवतो. कुटुंबात हे काम मामा करतो. (वाक्य सूचक आहे, हे कबूल.) कारखान्याचे मूळ रॉड शंभर घोड्यांपुरते. पाचशेला ते काडीसारखे वाकतात. म्हणून बाहेरून मजबूत रॉड घ्यावे लागतात आणि त्यांत मुख्य जाती दोन. रॉड मधोमध कापला तर काप इंग्रजी आय अक्षरासारखा दिसतो ती आय बीम, एचसारखा दिसतो ती एच बीम. (गाडीतले मूळ रॉड आयच.) खरं तर आय आडवी पाडली की तिचीच एच होते, पण हे दुकानदारासमोर बोलू नये, तो चिडतो. आमच्या लोकांत बीम हा शब्दही कोणी लावत नाही, नुसतं आय आणि एच. आणि बीम ती, म्हणून आयही ती आणि एचही ती. व्याकरणाने माझा घात केला तो इथे.

पहिल्यांदा मी चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथल्या मालकाला जगात कशाबद्दलही शंका नाही. त्याने आरशासारखे चकचकीत चार रॉड काउंटरवर मांडले आणि यांच्यावर आगगाडी ओढाल म्हणून छातीठोक सांगितलं. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. एका इंजिनातले चारही रॉड वजनाला सारखे असावे लागतात, नाहीतर इंजिन अंगात आल्यासारखं थरथरतं. म्हणून मी ते चारही घरी आणून आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. चौघांची चार वजनं! दिसायला भाऊ, पण एका आईचे नव्हेत. बोल्ट तर असे की हाताने पिळले तरी कुरकुरावेत. मी सगळा माल परत करून आलो, तोवर आईला काट्याच्या ताटलीत काळं तेल सापडलं होतं. (हा पहिला गुन्हा. तो मान्य आहे. काटा दोनदा घासला आहे, तिला सांगा.)

मग मी ठरवलं, घ्यायच्या तर एचच घ्यायच्या. नाव घेण्यासारखी सगळी मंडळी त्याच घेतात. सल्ल्यासाठी टॉर्कला फोन लावला. टॉर्क म्हणजे माझा इलेक्ट्रिशियन मित्र, आयुष्यभर सायलेन्सर काढलेल्या गाड्यांशेजारी उभा राहिल्यामुळे त्याला कमी ऐकू येतं, म्हणून त्याच्याशी बोलताना ओरडावं लागतं. मी शेडमध्ये ओरडत होतो आणि मागच्या पायरीवर आई मटार सोलत बसली होती. मामा, आता मी काय ओरडलो ते मन घट्ट करून वाचा. आपली जुनी आय वाकलीय, म्हणालो. आता तिला ताण सोसायचा नाही. आयचं वजन फार, ठेवून उपयोग काय? आज ना उद्या मोडणारच, आणि मोडली की सगळ्या घराची वाट लावणार. (इंजिनाच्या पोटाला आम्ही घर म्हणतो. कोणी शोधून काढला हा शब्द, देव जाणे.) त्यापेक्षा आताच काढू आणि एच बघू, म्हणजे पुढची दहा वर्षं डोक्याला ताप नाही.

मी लहानपणी हट्टाला पेटलो की आईला आय म्हणायचो. तुम्ही तर आजीला शेवटपर्यंत आयच म्हणालात. तेव्हा पायरीवर काय ऐकू आलं असेल ते मी वेगळं लिहीत नाही.

आईने मटार पूर्ण सोलले. भाजी केली, आम्हांला वाढलं, ओटा पुसला. मग हात पुसत शेडच्या दाराशी आली आणि म्हणाली, “मग एच नक्की ठरली का?”

मामा, इतक्या वर्षांत आईने माझ्या इंजिनाची पहिल्यांदा चौकशी केली! मला भडभडून आलं. मी उत्साहाने सांगितलं की अगदी नक्की, मी बघूनही ठेवलीय, परदेशी बनावटीची आहे, तू काही काळजी करू नकोस. तिने मान हलवली. संध्याकाळी बॅग भरून निघताना ती सुनेला फक्त म्हणाली की तुम्हांला कशाला त्रास, मीच जाते. भावाला भेटायला निघाली असेल, असं समजून मी तिला स्टँडवर सोडून आलो आणि गाडीच्या खिडकीकडे बघून हातसुद्धा हलवला!

खरा उलगडा झाला तो बायकोमुळे. समजूत काढायला ती तुमच्याकडे आली होती आणि आईचीच समजूत पटवून घेऊन परतली. एच म्हणजे होम, वृद्धाश्रम, आणि तोही परदेशी बनावटीचा! आईला अक्षरांचे आकार समजावायला मी फोन केला, तर मला अक्षरं तू शिकवणार का, असं विचारून तिने तो आपटला, तो हाच. त्या दिवशी मी शेडमध्ये नुसता बसून राहिलो. आपलं माणूस आपल्याबद्दल असं मानू शकतं, याचं मला फार वाईट वाटलं. आणि तिने ते मानून भाजी वाढली, याचं त्याहून.

असो. पण मी हातपाय गाळणाऱ्यांतला नाही. एचची मागणी रद्द केली आणि आय घेतली, जाड घडवलेली, उत्तम बोल्टांची. तांत्रिक कारणं भरपूर आहेत: टर्बोच्या इंजिनात वरून दाब भयंकर पडतो आणि दाबाखाली चांगली आय एचपेक्षा कमी वाकते, असं मी आता टॉर्कला ठासून सांगतो. घरगुती कारण असं की या घरात एच हा शब्द काढला की बायको ताट आपटते. चारही आय वजनाला तंतोतंत निघाल्या, मी स्वतः बसवल्या आणि क्रँक लोण्यासारखा फिरतोय. ब्लॉकची खिडकीही बुजवली आहे. हे सगळं तुम्ही आईला तुमच्या शब्दांत सांगा, काम फत्ते समजा. मामींना नमस्कार, मुलांना पाठीत हलके धपाटे.

तुमचा निरपराध भाचा

ता. क. – सांगताना ‘आय बसवली’ एवढंच सांगा. ‘जुनी आय भंगारात दिली’ हे कृपा करून सांगू नका.

ता. क. दुसरा – इंजिन येत्या रविवारी पहिल्यांदा सुरू करायचं आहे. पाचशे घोडे तयार उभे आहेत, पण गाडीची किल्ली वडील गेल्यापासून आईच्या जुडग्यात असते आणि जुडगा तिच्या कमरेला. आईला घेऊन तुम्ही स्वतः या, म्हणजे दोन्ही कामं होतील. बायको म्हणते, एवढं सोडून बाकीचं सगळं पत्र फाडलंस तरी चालेल.

ता. क. तिसरा – कोपऱ्यावरचा किल्लीवाला मला म्हणतो, तुम्ही चहा पिऊन या, तोवर दुसरी किल्ली करून ठेवतो. मी त्याला नको म्हणालो. हे मात्र आईला वाचून दाखवा.