मांतोवाचं चौथं तळं

शनिवार संध्याकाळ, डब्लिन, ओहायो

बाबांना त्यांच्या भारतीय पासपोर्टवर इटलीचा व्हिसा लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझा, निखिलचा नि लेकीचा, आमचे तिन्ही पासपोर्ट आता अमेरिकन, व्हिसा म्हणजे काय तेच विसरलोय. आज चेक-इन करताना कळलं. फ्लाइट उद्याची!

"तुम्ही जाऊन या, मी घर बघतो," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. जन्मभर भूगोल शिकवला, महिनाभर मांतोवा शहराबद्दल वाचत होते. आणि मी? "बाबा, सगळं गूगलवर असतं!" का बोलले तसं?

निखिलने हळूच विचारलं, "कॅन्सल करू या?" मी बॅगेची चेन ओढून घेतली. मला जायचंय.

जेवणानंतर पाण्यात बोट बुडवून त्यांनी अनयाला टेबलावर ते शहर काढून दाखवलं. नदी अडवून भोवती केलेली चार तळी. "आता तीनच उरलीत."

"व्हॉट हॅपन्ड टु द फोर्थ वन, आजोबा?"

"त्याची दलदल झाली होती गं. मग लोकांनी ते आटवून टाकलं."

मी टेबल पुसायला फडकं घेऊन उभी होते. पुसवलं नाही. आत्ता जाऊन पाहिलं, तर सगळं आपोआप वाळलंय.